६६ ची इंपाला, पॉवरग्लाइड गिअरबॉक्स: रिबिल्ड करू की दुसरा शोधू?

जुनी_इंपाला:
नमस्कार मंडळी, गाडी १९६६ ची शेवरोले इंपाला, २८३ घन इंचाचं इंजिन, गिअरबॉक्स कंपनीचाच दोन गिअरचा (लो आणि टॉप) ऑटोमॅटिक पॉवरग्लाइड. डी (ड्राइव्ह) ला टाकून निघालं की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी रडत रडत उचलते, एकदा टॉप पडला की मग काही तक्रार नाही. रिव्हर्स ठीक आहे. हल्ली टॉप पण उशिरा आणि धाडकन पडतो. ऑइल सारखं कमी होतंय पण खाली जमिनीवर थेंब नाही. मेकॅनिक म्हणतो बॉक्स गेला, दुसरा शोधा. शोधायचाच तर टर्बो ३५० (तीन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स) घेऊ का ७०० आर ४ (चार गिअरचा)? की हाच खोलू?

क्लचप्लेट:
थांबा हो, एवढ्यात बॉक्स उतरवू नका. खाली थेंब नाही मग ऑइल जातंय कुठे? मागच्या बाजूला व्हॅक्युम मॉड्युलेटर असतो, चपटा गोल डबा, त्यातून नळी इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डला (हवा आत नेणाऱ्या पाइपांना) जाते. ती नळी मॉड्युलेटरच्या टोकाला काढा आणि आत बघा. लाल ऑइल दिसलं तर आतला डायफ्राम (पातळ पडदा) फाटलाय, इंजिन गिअर ऑइल पितंय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर सोडत असणार. डायफ्राम गेला की बॉक्सला वाटतं फुल लोड आहे, प्रेशर वाढतं, म्हणून टॉप उशिरा आणि धक्क्याने पडतो. त्यात ऑइलची लेव्हल खाली गेली की स्लिप होणारच. लेव्हल बघताना बॉक्स गरम, इंजिन चालू, न्यूट्रलला, बंद गाडीवर डिपस्टिक बघून काही उपयोग नाही.

जुनी_इंपाला:
क्लचप्लेट दादा पाया पडतो, नळीतून अक्षरशः लाल ऑइल ओघळलं! मॉड्युलेटर नवीन टाकला, लेव्हल केली, टॉप आता बरोबर वेळेवर आणि मऊ पडतो. पण लो मध्ये ओरडणं चालूच आहे, थोडं कमी झालंय इतकंच.

वीकेंड_रिंच:
माझं मत वेगळं आहे, दोन गिअरमध्ये जीव कशाला अडकवायचा. टर्बो ३५० च्या पहिल्या गिअरचा रेशो २.५२, तुमच्याकडे फार तर १.८२, उठावात जमीन अस्मानाचा फरक. आणि ३५० ची शॉर्ट टेलवाली (मागचा भाग आखूड असलेली) आवृत्ती घेतली तर लांबी जवळपास सारखीच, प्रॉपेलर शाफ्ट बहुतेक वेळा तोच चालतो, फक्त किकडाउन केबल (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की खालचा गिअर पाडणारी) लावायची आणि गिअर दांड्याचं सेटिंग बघायचं. ७०० आर ४ ला ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन कमी फिरवणारा वरचा गिअर) आहे हे खरं पण तो लांब आहे, माउंट मागे सरकवा, शाफ्ट कापा, आणि कार्ब्युरेटरची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल जरा चुकीची बसली की क्लच जळून खाक. पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

क्लचप्लेट:
रिंचभाऊ, ओरिजिनल बॉक्स असलेली गाडी आहे ती, चालू होत असेल तर बदलायची कशाला? बदललात तरी हा बॉक्स विकू नका, झाकून ठेवा. आता लो चं बघू. पॉवरग्लाइडमध्ये रिव्हर्स आणि टॉप वेगवेगळ्या क्लच पॅकवर चालतात, फक्त लो गिअर बँडवर, म्हणजे आतल्या ड्रमला आवळणाऱ्या पट्ट्यावर, चालतो. तुमचे ते दोन ठीक, लो एकटाच सुटतोय, म्हणजे बँड ढिला नाहीतर झिजलेला. केसच्या डाव्या बाजूला त्याचा स्क्रू आहे, लॉकनट सैल करायचा, स्क्रू ७० इंच पाउंडला कसायचा आणि मग ४ फेरे मागे. मोजून, अंदाजपंचे नको. फार मागे घेतला तर आतला स्ट्रट (बँडला टेकवलेला छोटा तुकडा) निसटून पॅनमध्ये (बॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या थाळीत) पडतो, मग बसा पॅन उघडत.

जुनी_इंपाला:
स्क्रू फिरतच राहतो, कसतच नाही. आता?

क्लचप्लेट:
मग स्ट्रट पडलाय किंवा बँड तुटलाय. पॅन काढा, १४ बोल्ट आहेत. स्ट्रट नुसता पडला असेल तर पॅनमध्येच सापडेल. बँड तुटला असेल तर मात्र बॉक्स उतरवावाच लागेल, आणि उतरवलाच तर सगळेच सील बदलून घ्या, इतक्या वर्षांत रबर दगड झालेलं असतं. नवीन क्लच प्लेटा लावण्याआधी एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये) भिजवून ठेवायच्या, आत काही चिकटवून धरायचं तर ग्रीस नाही, व्हॅसलीन. आणि बसवताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणारा गोल भाग) हाताने फिरवत आत ढकला, पंपात पूर्ण बसल्याशिवाय बेलहाउसिंगचे (बॉक्स इंजिनला जोडणाऱ्या पुढच्या कव्हरचे) बोल्ट ओढू नका, ओढलेत तर पंप फुटलाच समजा.

वीकेंड_रिंच:
हे शेवटचं वाक्य प्रिंट काढून भिंतीवर लावा. पॅनमध्ये काय सापडलं त्याचा फोटो टाका.