टॉमकॅटचा हमाल झाला? मुळीच नाही!

दर्यासारंग (धागाकर्ता)

'पोलादी पंख' यांनी गेल्या आठवड्यात इथेच लिहिलं की एफ-१४ टॉमकॅट हा आकाशातला शिकारी होता, नव्वदीत अमेरिकन नौदलाने त्याच्या पोटाला बाँब बांधून त्याचा हमाल केला आणि तिथूनच त्याला उतरती कळा लागली. खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते वाचून राहवलं नाही. प्रतिसादाच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

पहिली गोष्ट, बाँब हे नव्वदीतलं ठिगळ नाही. नौदलासाठी आखलेलं एफ-१११बी हे विमान १९६८ मध्ये गुंडाळल्यावर ग्रमन कंपनीने जे टॉमकॅट आखलं, त्यात जमिनीवर मारा करायची सोय पहिल्यापासून होती. सत्तरच्या दशकातल्या चाचण्यांचे फोटो बघा, पोटाखाली ओळीने बाँब लटकलेत. ती सोय वापरली नाही, कारण विमानवाहू जहाजाच्या डेकवर त्या कामाला ए-६ आणि ए-७ ही विमानं होती. टॉमकॅटला नेमून दिलेलं काम एकच होतं: सोव्हिएत बॅकफायर बाँबर क्षेपणास्त्रं सोडायच्या टप्प्यात यायच्या आत त्यांना गाठायचं. त्यासाठी एडब्ल्यूजी-९ रडार, एका वेळी २४ लक्ष्यांवर नजर, सहांवर लांब पल्ल्याची फिनिक्स क्षेपणास्त्रं.

मग ए-६ च्या जागी येणाऱ्या ए-१२ विमानाचा प्रकल्प जानेवारी १९९१ मध्ये रद्द झाला. ए-६ म्हातारं झालं होतं, ते १९९७ मध्ये गेलंच. आणि १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत युनियनच उरलं नाही. लांबवर बाँब घेऊन जाणारं विमान डेकवर कुठून आणायचं? इंधन भरपूर, पोटाखाली जागा भरपूर आणि मागे बसायला दुसरा माणूस, असं एकच विमान तिथे उभं होतं. फिनिक्सच्या रेल्सवरच बाँबचे रॅक बसवले.

सप्टेंबर १९९५, बोस्निया. टॉमकॅटने पहिल्यांदा लढाईत बाँब टाकले, पण बाँबला वाट दाखवणारं लेझर लक्ष्यावर धरायला दुसरं विमान, हॉर्नेट, लागलं. पुढच्याच वर्षी व्हीएफ-१०३ स्क्वाड्रन लेझर धरणारा लँटर्न पॉड घेऊन एंटरप्रायझ जहाजावर गेलं. हा पॉड मुळात हवाई दलाचा. नौदलाने त्यात जीपीएस आणि स्वतःची दिशादर्शक यंत्रणा बसवून घेतली, म्हणजे विमानाचं सगळं वायरिंग उसवायची गरज पडली नाही. मागच्या सीटवरच्या रडार अधिकाऱ्यासमोर मोठा स्क्रीन आणि हाताशी वेगळा कंट्रोलर. तो लक्ष्यावर लेझर धरून बसायचा, पुढचा फक्त विमान उडवायचा. २००१ मध्ये अरबी समुद्रातून उडून पार अफगाणिस्तानात जाऊन हेच केलं, शिवाय इतर विमानांना लक्ष्यं दाखवून दिली ती वेगळीच.

माझं म्हणणं एवढंच: टॉमकॅटला त्याचं खरं काम आयुष्याच्या उत्तरार्धात मिळालं, आणि ते जमलं ते मागच्या सीटमुळे.

---

पोलादी पंख

माझं नाव घेऊन धागा काढलात, ठीक आहे. आता पूर्ण ऐका.

गरजेपोटी केलेल्या तडजोडीला तुम्ही उत्क्रांती म्हणताय. टॉमकॅटचं उत्पादन थांबवायचा निर्णय संरक्षणमंत्री चेनींनी १९८९ मध्येच घेतला होता. त्यानंतर जे थोडे पैसे हाताशी होते ते बाँब आणि पॉडवर गेले आणि हवेतल्या लढाईचं विमान उपाशी राहिलं. अ‍ॅमरॅम क्षेपणास्त्राची टॉमकॅटवर चाचणी झाली होती, ताफ्यात ते कधीच आलं नाही. साधं एफ-१६ अ‍ॅमरॅम घेऊन हिंडत होतं आणि नौदलाचा राजा जुन्या स्पॅरोवर! टीएफ-३० इंजिनाचं रडगाणं तर १९७४ पासूनचं. हवेचा झोत जरा बिघडला की कॉम्प्रेसर स्टॉल, म्हणजे इंजिन गुदमरायचं. नवी एफ-११० इंजिनं सगळ्या विमानांना मिळालीच नाहीत, निम्म्याहून जास्त विमानं जुन्याच इंजिनांवर राहिली. आधी ते दुरुस्त करायचं होतं.

आणि 'खरं काम' हा शब्द मागे घ्या. बॅकफायरवाले जवळ फिरकले नाहीत, ते या विमानाच्या धाकाने. पहारेकऱ्याच्या काळात चोरी झाली नाही म्हणून पहारेकरी निरुपयोगी ठरत नाही.

---

दर्यासारंग

धाक होता, मान्य. पण आकडे बघा. अमेरिकन नौदलाच्या टॉमकॅटनी हवेत पाडलं काय? १९८१ ला लिबियाची दोन सुखोई, १९८९ ला दोन मिग-२३, १९९१ ला एक हेलिकॉप्टर. एकही फिनिक्सने नाही. १९९९ मध्ये इराकवर फिनिक्स सोडली, ती लागली नाहीत. आणि सहाच्या सहा फिनिक्स घेऊन उडालं तर ती सगळी परत घेऊन डेकवर उतरता येत नसे, वजन जास्त व्हायचं. रोजच्या गस्तीला कमीच लावायचे. कागदावरच्या त्या विमानाचं तुम्हाला फार कौतुक, डेकवरच्या विमानाचं नाही.

---

पोलादी पंख

इराण विसरलात. ऐंशीच्या दशकात त्याच फिनिक्सने इराण्यांनी इराकी विमानं पाडली. विमान तेच, क्षेपणास्त्र तेच. म्हणजे विमानात खोट नव्हती, अमेरिकनांना संधी मिळाली नाही. १९९१ मध्येसुद्धा हवेतल्या शिकारी हवाई दलाच्या एफ-१५ ला मिळाल्या. 'लागली नाहीत' एवढं सांगून तुम्ही अर्धीच गोष्ट सांगता.

---

निवृत्त_खलाशी

दोघांनाही नमस्कार. मी आपल्या नौदलात शस्त्रविभागात होतो, सी हॅरियर विमानांवर. थोडं डेकवरचं सांगतो.

जहाजावर जागा मोजकी. विराटवर हॅरियर असायची ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यात हे शिकारीचं, हे बाँबचं अशी वाटणी कोण करणार? सकाळी त्याच विमानाला मॅजिक क्षेपणास्त्रं लावायची, दुपारी ती उतरवून रॉकेट पॉड किंवा सरावाचे बाँब. जहाजांवर मारा असेल तर सी ईगल. उन्हात डेकचं लोखंड इतकं तापायचं की गुडघा टेकवत नसे, पोत्याचा तुकडा खाली घेऊन बसायचो. लाल पट्टीच्या सेफ्टी पिना काढून हातात धरायच्या आणि वैमानिकाला उंच करून मोजून दाखवायच्या, मगच विमान सुटायचं. एक पिन कमी भरली तर सगळं थांबवायचं. एकदा एका नव्या पोराच्या खिशात पिन राहिली होती. ती सापडेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही.

सांगायचं ते हे की नौदलाचं विमान बहुकामी 'होत' नाही, जहाज त्याला तसं व्हायला लावतं. ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांतवरून कॉक्स बाजार आणि चितगावावर गेली ती सी हॉक विमानं, आणि सी हॉक मूळचं लढाऊच.

---

मालवणी_मुलूख

काका, विक्रांतचं नाव काढलंत म्हणून लिहितो. विषय सोडून आहे, माहीत आहे, पण हे बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

ज्या विक्रांतवरून ती सी हॉक उडाली, ती आज कुठे आहे? १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ ला लोकांसाठी बंद केली, २०१४ ला भंगारात विकली आणि मुंबईतच दारूखाना भागात तोडली. तिच्या पोलादाची मोटारसायकल निघाली! माझ्या बाबांनी मला लहानपणी तिच्या डेकवर नेलं होतं. त्या उताराच्या टोकाला उभं राहून खाली पाणी बघितल्यावर पोटात आलेला गोळा अजून आठवतो. माझ्या मुलीला काय दाखवू? गोदीजवळच्या स्मारकात ठेवलेला लोखंडाचा आकार?

आणि विराट तर आमच्या दारात येणार होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निवतीच्या समुद्रात संग्रहालय करायला ८५२ कोटींची मंजुरी दिली. आमच्याकडे होडीवाल्यांपासून खानावळवाल्यांपर्यंत सगळ्यांनी हिशेब मांडले होते. २०२० मध्ये ती गुजरातला अलंगमध्ये तोडायला गेली. टॉमकॅटचा हमाल झाला की नाही यावर इतकं भांडता, आपल्या जहाजांची काय गत झाली ते बघा आधी.

---

पुण्याचा_पंतोजी

भावनेपोटी बोलणं सोपं आहे. पाण्यातलं जुनं पोलाद टिकवायचं तर दर काही वर्षांनी सुक्या गोदीत घ्यावं लागतं. विक्रांतच्या पत्र्याची अवस्था तज्ज्ञांनी धोकादायक म्हणूनच सांगितली होती. तो खर्च कुणी करायचा? शाळेच्या छपराला पैसे नसतात आणि इथे जहाजं तरंगती ठेवायची.

---

मालवणी_मुलूख

पंतोजी, शाळेचं छप्पर मध्ये आणू नका. जहाज तोडून ते पैसे कुठल्या शाळेला गेले, दाखवा. कोकणाचं नाव निघालं की तुमच्याकडच्यांना खर्च आठवतो. मेट्रोला आठवत नाही.

---

पुण्याचा_पंतोजी

कोकण-पुणे करू नका. मी रत्नागिरीचा आहे. विराट निवतीला आणायचं म्हणजे खडकाळ किनारा, पावसाळ्यात चार महिने काही हलत नाही, वर सांभाळायला माणसं. मंजुरी देणं म्हणजे पैसे देणं नव्हे, एवढं तुमच्या होडीवाल्यांनाही कळतं.

---

सॅन_डिएगोकर

अमेरिकेत बघा ना. आमच्याकडे मिडवे जहाजाचं संग्रहालय २००४ पासून दिमाखात चालू आहे. आत चार तास कमी पडतात. डेकवर टॉमकॅट उभं आहे, पंख मिटलेलं. निवृत्त वैमानिक स्वतः उभे राहून तार पकडून कसं उतरतात ते समजावून सांगतात. आईबाबा आले होते तेव्हा बाबा तिथून हलायला तयार नव्हते. मिडवेवरून उडालेलं ते विमान हाताला लागतं, ही भावनाच वेगळी. आपल्याला का जमत नाही?

---

पोलादी पंख

मिडवेच्या ताफ्यात टॉमकॅट कधीच नव्हतं. त्या जहाजाला ते झेपणारं नव्हतं. मिडवेवर फँटम होती आणि नंतर हॉर्नेट आली. तिथलं टॉमकॅट संग्रहालयासाठी आणून ठेवलंय.

---

सॅन_डिएगोकर

मुद्दा जतन करण्याचा आहे. कुठून उडालं हा नाही.

---

पोलादी पंख

इतिहासाच्या धाग्यावर कुठून उडालं हाच मुद्दा असतो. आणि जतनाचं म्हणाल तर अमेरिकनांनी निवृत्तीनंतर कितीतरी टॉमकॅट यंत्रात घालून चिरडली, सुटे भाग इराणला मिळू नयेत म्हणून. संग्रहालयात उभी आहेत ती वाचलेली. त्यांचा फार आदर्श ठेवायची गरज नाही.

---

मालवणी_मुलूख

चिरडली तरी वाचलेली बघायला मिळतात! आमच्या वाट्याला तेवढंही नाही.

---

निवृत्त_खलाशी

बाळांनो, आवाज खाली. बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, गोव्याला गेलात तर सी हॉक आणि अलिझे तिथे हात लावून बघता येतात. जहाजांचं दुःख मलाही आहे. विराटचा तोडतानाचा व्हिडिओ मला पाठवू नका म्हणून घरच्यांना सांगून ठेवलं होतं. पण या पोराने विमानावर मन लावून लिहिलंय, त्याला उत्तर द्या.

---

दर्यासारंग

धन्यवाद काका. जहाजांवर वेगळा धागा काढा, मी पहिला येईन. आता मुद्द्यावर.

पोलादी पंख, अ‍ॅमरॅमचं तुमचं दुखणं खरं आहे. पण पैसा एकाच गोष्टीला पुरणार होता तर १९९५ च्या जगात तो पॉडवर जाणं बरोबरच होतं. २००३ मध्ये इराकवर टॉमकॅटच्या डी मॉडेलने जीपीएसवाले जेडॅम बाँब टाकले, फेब्रुवारी २००६ मध्ये शेवटचं लढाऊ उड्डाण झालं, तेही बाँब घेऊनच. तोवर शत्रूची विमानं दूरच राहत होती, आणि खाली अडकलेल्या सैनिकाला वरून अचूक मदत हवी होती. मागच्या सीटवर माणूस नसता तर ते इतक्या लवकर जमलं नसतं.

---

राफेलप्रेमी_नाशिक

मागच्या सीटचा मुद्दा मला पटत नाही. राफेल एमचं उदाहरण घ्या. फ्रेंच नौदलाला ते आधी एफ-१ स्वरूपात मिळालं, जुन्या क्रुसेडरच्या जागी, फक्त हवाई संरक्षणाला. बाँब नाहीतच. मग एफ-२, एफ-३ करत जमिनीवर मारा, जहाजांवर मारा, टेहळणी, अण्वस्त्र, सगळं आलं. एकाच सीटवर! नौदलासाठी दोन सीटचं राफेल आखलं होतं ते २००४ मध्ये रद्द केलं. म्हणजे ज्यांनी खरोखर विचार केला त्यांनी मागची सीट काढून टाकली. आपण एप्रिल २०२५ मध्ये २६ घ्यायचा करार केला, त्यातली डेकवर जाणारी २२ एका सीटची. दोन सीटची चार आहेत ती प्रशिक्षणाची, जहाजावर उतरणारच नाहीत.

---

दर्यासारंग

सीट रद्द झाली ती खर्चामुळे, अक्कल आली म्हणून नव्हे. आणि २००७ मध्ये राफेल अफगाणिस्तानच्या लढाईत उतरलं तेव्हा त्याच्याकडे स्वतःचा लेझर पॉड नव्हता, लेझर दुसऱ्या विमानांनी धरायचं. बोस्नियात टॉमकॅटची हीच स्थिती होती. टॉमकॅटने त्यातून एका वर्षात वाट काढली.

---

राफेलप्रेमी_नाशिक

वाट पॉडने काढली, माणसाने नाही. आज सेन्सर आणि संगणक मिळून मागच्याचं निम्मं काम करतात.

---

पोलादी पंख

निम्मं. उरलेलं निम्मं रात्री, ढगाखाली, खालून कुणीतरी रेडिओवर ओरडत असताना कोण करणार? या एका बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे, नाइलाजाने. मागचा माणूस लागतोच. अमेरिकन नौदलानेही पुढे सुपर हॉर्नेटची दोन सीटची आवृत्ती ठेवलीच. पण 'हमाल' मी मागे घेत नाही. ज्या विमानाला नवीन क्षेपणास्त्र द्यायला पैसे नव्हते, त्याच्याकडून ओझी वाहून घेतली. त्याने ती उत्तम वाहिली, हे त्याचं मोठेपण. नौदलाचं नव्हे.

---

दर्यासारंग

शेवटचं वाक्य मला मान्य आहे. 'हमाल' नाही. उद्या रात्री इंजिनांवर सविस्तर लिहितो. टीएफ-३० बद्दल तुम्ही सगळा दोष नौदलावर टाकताय, आणि ते इंजिन मुळात एफ-१११बी कडून वारशात आलं होतं.