बंदी आली, घरं स्वस्त झाली का?

'परदेशी खरेदीदारांवर बंदी घाला, कॅनडातल्या व्हँकूवरमधली घरं आपोआप आवाक्यात येतील' हे म्हणणं मला अर्धंच पटतं. हे सगळं तिथे करून झालंय. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारने परदेशी खरेदीदारांवर १५ टक्के कर लावला, २०१८ मध्ये तो २० टक्के केला. शहराने रिकाम्या घरांवर वेगळा कर बसवला. १ जानेवारी २०२३ पासून तर केंद्राचीच बंदी आहे, आणि ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवलीय.

सुरुवातीला बाजार थोडा थंडावला, हे खरं. पण २०२० मध्ये बँक ऑफ कॅनडाने व्याजदर पाव टक्क्यावर आणला आणि स्थानिक लोकच कर्ज काढून तुटून पडले. तेव्हा कुठला परदेशी पैसा?

खरी गोम जमिनीच्या नियमांत आहे. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे डोंगर, आणि मधल्या निवासी जमिनीच्या मोठ्या भागात वर्षानुवर्षं एका प्लॉटवर एकच कुटुंब, फार तर मागे छोटंसं घर! चार घरं बांधायची मुभा प्रांताने २०२३ च्या शेवटी कायद्याने दिली. म्हणजे आजार एक आणि इतकी वर्षं औषध भलत्याचंच.

रिकाम्या घरांवरचा कर मात्र मला आवडतो, कारण तो मालकाचा पासपोर्ट विचारत नाही. कुलूप लावून ठेवलंयस? भर पैसे.

आणि वर्क परमिटवर तिकडे गेलेल्या आपल्या मंडळींसाठी: मार्च २०२३ मध्ये बंदीचे नियम सैल झालेत. परमिटची किमान १८३ दिवसांची मुदत शिल्लक असेल, तर एक घर घेता येतं. परवडलं तर!