अनुभव धागा : नोकरी लागली, पुढे काय झालं?

अपंगांना काम शिकवून नोकरीला लावणाऱ्या व्यवसाय पुनर्वसन केंद्राच्या मदतीने नोकरी मिळालेले, मिळता मिळता राहिलेले आणि त्यांचे पालक, सगळ्यांनी इथे लिहावं. कोर्स कोणता केला ते थोडक्यात चालेल. रुजू झाल्यावर काय घडलं ते मात्र सविस्तर येऊ द्या.

दृष्टिहीन, लेखा विभागात :
केंद्रात मूल्यमापन झालं तेव्हा टेलिफोन ऑपरेटरचा शिक्का जवळजवळ बसलाच होता. अंध म्हटलं की बोर्डावर बसवायचं, ही जुनी खोड. मी हिशोबाच्या कामावर अडून बसलो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने २००६ मध्ये तो करायला घेतला, आणि तो फुकट मिळतो. त्यामुळे कंपनीला खर्चाची सबब सांगता आली नाही. खरी गंमत पुढे. बिलं नोंदवायच्या प्रोग्रॅममध्ये बटणांना नावंच नव्हती. टॅब दाबत गेलो की कानात नुसतं 'बटण, बटण, बटण'. सेव्ह कुठलं, रद्द कुठलं, देव जाणे! समुपदेशक बाईंनी साहेबांच्या नादी न लागता थेट प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या मुलाशी गाठ घालून दिली. त्याने मॉनिटर बंद करून स्वतः ऐकलं, आणि बटणांना नावं दिली. नोकरी टिकली ती त्यामुळे. कोर्सचं प्रमाणपत्र अजून कुणी मागितलेलं नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची आई :
संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे फक्त अपंगांसाठी चालवलेल्या कामाच्या जागी, आमच्या मुलाची वर्षानुवर्षं 'तयारी'च चालू होती. दुसऱ्या केंद्राने त्याला आधी कामावर लावलं आणि तिथेच शिकवलं. जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी शिकवणारा माणूस, सुरुवातीला अगदी शेजारी, मग लांबून, मग अधूनमधून. पाकिटं भरायच्या पायऱ्यांचे फोटो टेबलावर चिकटवलेले. एकदा लेबलचा रंग बदलला. फोटोत निळं, हातात हिरवं. पठ्ठ्या काम थांबवून बसून राहिला. सुपरवायझर म्हणाले, कामचुकारपणा. कोचने फक्त नवा फोटो लावला. आता लेबल बदलणार असलं की सुपरवायझरच आदल्या दिवशी फोटो काढून ठेवतात.

स्किझोफ्रेनिया, औषधं चालू :
आजाराबद्दल कंपनीला किती सांगायचं, हे समुपदेशकाने मला विचारलं. ते मी ठरवायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. औषधाने सकाळी डोकं जड असतं, एवढंच सांगितलं. उशिराची पाळी मिळाली.

कर्णबधिर :
मुलाखतीला खुणांच्या भाषेचा दुभाषा दिला होता. प्रश्न विचारणारे सगळा वेळ त्याच्याकडेच बघत होते! रुजू झाल्यावर दुभाषा बंद. मीटिंगमध्ये सगळे हसले की मीही हसतो. कुणाला यावर मार्ग सापडलाय का?

याच क्षेत्रातली समुपदेशक :
वरच्या प्रश्नाबद्दल : मीटिंगचे मुद्दे आधी लेखी मागा, तोंडी नको, ईमेलने. बोललेलं लगेच मजकुरात उतरवणारं ॲपही वापरून बघा, गोंगाटात चुकतं पण बरंच हाती लागतं. बाकी दोष आमचाच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८३ च्या करारात (क्रमांक १५९) पुनर्वसनाचा उद्देश नोकरी मिळवणं, टिकवणं आणि तिच्यात पुढे जाणं असा सांगितलाय. आमच्याकडे माणूस रुजू झाला की केस बंद! म्हणून केंद्रात नाव घालतानाच विचारा, रुजू झाल्यावर किती महिने पाठपुरावा करणार, आणि उत्तर लेखी घ्या.