नव्या घराला आतून रंग कोणता दिला, आणि तो टिकला का? विदर्भातल्या गावाकडच्यांनी सांगा

आमच्या नव्या घराचं प्लास्टर दिवाळीच्या आधी उरकलं. आर्वी तालुक्यातलं गाव, काळी जमीन. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, देवघराचा कोनाडा आणि मागे धान्याची खोली. आता रंगाचा विषय निघाला आणि घरात जेवढी डोकी तेवढे रंग झाले. आईला हॉल फिका पिवळा पाहिजे. लहान भावाला टीव्हीमागची एक भिंत गडद निळी. बायको म्हणते सगळं घर मोतिया करा आणि मोकळे व्हा. दुकानदाराने शेड कार्ड पुढ्यात टाकलं आणि म्हणाला, "घरी नेऊन ठरवा." घरी नेलं आणि भांडण वाढलं.

सल्ले वाचले, पण ते सगळे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचे. त्या हॉलमध्ये कापूस भरत नाहीत, तिथे मे महिन्यात पारा 45 वर जात नाही आणि तिथल्या पाहुण्यांना एकाच वेळी पन्नास पानं वाढावी लागत नाहीत. म्हणून ज्यांनी आपल्याकडे, गावात घर बांधलं त्यांनी लिहा. कंपनीचं नाव नसलं तरी चालेल, भिंतीचं पुढे काय झालं ते सांगा. वऱ्हाडीत लिहिलं तरी चालते.

दर्यापूर तालुका, शेतकरी

रंगाचं मंग पाहू भाऊ, पहिले हे सांगा का भिंतीले पानी कोनतं मारलं. आमचा इलाका खारपानपट्ट्यातला. अकोला, अमरावती, बुलडान्यात पूर्णेच्या खोऱ्याचा हा पट्टा, बोअर मारला तं पानी लागते पन तोंडात धरवत नाई. आमच्या गल्लीत एकानं त्याच पान्यात प्लास्टर कालवलं, त्याच पान्यानं तराई केली, म्हंजे प्लास्टर पक्कं व्हाले वरून पानी मारलं. रंग मोठा झकास देल्ला, फिका गुलाबी. वास्तूच्या जेवनाले गेलो तं सारे वाहवा करून रायले होते. दुसऱ्या पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत फुगे आले. नख लावलं का पापुद्रा निंगे अन् मांगून पांढरा भुगा. जिभेवर ठेवून पाहा, खारटच लागते.

त्यानं काय केलं, वरून ऑइल पेंट मारला. खालची ओल दिसेनाशी झाली, पन तिले बाहेर निंगाले जागाच नाई रायली, मंग ते वर चढली. आता कमरेपर्यंत गेली.

माह्या घराले मी गोड्या पान्याचे टँकर आनले. लोक हासले, म्हने पैसा जास्त झाला काय याले. प्लास्टर, तराई, पुट्टी (रंगाआधी भिंत गुळगुळीत कराचा लेप), सारं गोड्या पान्यात केलं. अन् तुमच्या भिंतीले खार आलाच तं धुवू नोका, पानी मीठ घेऊन पुन्हा आत जाते. कोरड्या ब्रशनं झाडा, खाली पडलेला भुगा उचलून बाहेर फेका, अन् उनाळाभर भिंत उघडी ठेवा. रंग कोनताही द्या मंग.

घरकुलांच्या साइटवर फिरणारा अभियंता, अमरावती जिल्हा

दर्यापूरच्या भाऊंनी मुद्द्यालाच हात घातला. सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या वर नको, असं भारतीय मानक 456 सांगतं. त्यामागचं कारण सळई गंजणं. पण तेच पाणी प्लास्टरमध्ये गेलं की रंगाचाही घात करतं.

लोक मला विचारतात, "साहेब, 28 दिवस झाले, आता रंग मारू ना?" 28 दिवसांचा हिशेब काँक्रीटच्या ताकदीचा आहे. भिंत कोरडी झाली असा त्याचा अर्थ नाही. आधी किमान सात दिवस आपणच तराईचं पाणी मारतो. ते पाणी सिमेंटला लागतं तेवढं लागतं, बाकीचं बाहेर पडायला हवा आणि ऊन पाहिजे. उन्हाळ्यात केलेलं प्लास्टर लवकर सुकतं, श्रावणातलं महिनोन् महिने ओल धरून बसतं.

पारख सोपी आहे. हातभर लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद लावा. रात्रभर राहू द्या. सकाळी आतल्या बाजूला दव धरलेलं दिसलं किंवा खालची भिंत काळपट पडली, तर थांबा. तुकडा खाली, फरशीजवळ लावा, तिथेच ओल जास्त असते. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीला वेगळा लावा.

दुसरं, नवं सिमेंट क्षारीय असतं. ओलसर नव्या भिंतीवर ऑइल पेंट दिला तर त्या रंगातल्या तेलाचा क्षाराशी अक्षरशः साबण होतो. रंग चिकट राहतो, मग सुटतो. दोष पेंटरवर येतो.

रंगकाम करणारा, यवतमाळ

साहेबांनी पेंटरची बाजू घेतली, बरं वाटलं. आता आमचंही ऐका.

मालकाला रंग नको असतो, मुहूर्त पाहिजे असतो. वास्तुशांतीची पत्रिका छापून येते आणि मग आम्हाला बोलावणं येतं. भिंत हाताला थंड लागते, ती ओली आहे हे आम्हाला कळते. सांगितलं तर दुसरा पेंटर येतो. मग आम्हीही मारून देतो. हे खरं आहे, म्हणून लिहिलं.

आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात सिमेंटची पुट्टी कोरड्या भिंतीवर लावली तर भिंत तिचं पाणी ओढून घेते आणि पुट्टी कच्ची राहते. वरून हात फिरवला की पीठ हाताला येते. म्हणून आधी भिंतीला पाण्याचा हलका हात द्यायचा, पट्टीने पातळ दोन हात ओढायचे, तासा-दोन तासांत संपेल एवढीच कालवायची. दुपारी रोलर चालवला तर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाईपर्यंत पहिला भाग सुकलेला असतो, जोड दिसतात. मी उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि उन्हं कलल्यावर काम करतो. पावसाळ्यात उलट त्रास. संध्याकाळी लाइट लावला की पाखरं ओल्या भिंतीवर येऊन बसतात आणि तिथेच राहतात.

आता रंग निवडण्याचं. मोबाइलमधला फोटो दाखवून "हाच पाहिजे" म्हणू नका. लहान डबा आणा, प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) झाल्यावर समोरासमोरच्या दोन भिंतींवर तीन बाय तीन फुटांचे तुकडे मारा, दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या. मग सकाळी पाहा, दुपारी पाहा आणि रात्री तुमचा जो बल्ब राहणार आहे तोच लावून पाहा. पांढऱ्या एलईडीत पिस्ता रंग दवाखान्यासारखा दिसतो, पिवळ्या उजेडात तोच बरा वाटतो. खिडकीबाहेर कडुनिंब असला तर पांढऱ्या भिंतीवर हिरवी झाक येते. कार्डवरचा चौकोन बोटाएवढा असतो. चार भिंतींवर चढला की तोच रंग गडद वाटतो, म्हणून पसंत पडलेल्याच्या एक पायरी फिका घ्या.

मोठ्या हॉलला दोन बादल्या लागत असतील तर दोन्ही आधी एकत्र ढवळून घ्या. मशीनमध्ये त्याच नंबरवर काढलेल्या रंगातही केसभर फरक पडतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो. मजुरी ठरवताना दारं-खिडक्यांचं माप वजा होणार की नाही ते आधीच बोलून घ्या, शेवटी वाद तिथेच होतो.

कळंब तालुका, गृहिणी

पेंटरदादा, तुम्ही कापूस विसरले!

आमच्याकडे वेचणी झाली की भाव येईपर्यंत कापूस हॉलमध्येच असतो. कधी छताला टेकतो. रंग द्यायचा तर दसऱ्याच्या आत द्या, नाही तर कापूस विकून, घर झाडून झाल्यावर. मधेच दिला तर काय होते ते माझ्या जावेच्या घरी जाऊन पाहा. बाजूच्या खोलीत कापूस आणि हॉलमध्ये रंगकाम. उकडते म्हणून कोणी तरी पंखा लावला. आजही तिच्या भिंतीवर हात फिरवला की बारीक बारीक तंतू लागतात. रंग वाळल्यावर ते आतच बसले, दुसरा हात दिला तर आणखी ठसठशीत झाले. शेवटी सगळं पॉलिश पेपरने घासायला लागलं.

कापसाने भिंत मळत नाही हो, त्यातल्या पत्तीने मळते आणि गठ्ठ्यांच्या रगड्याने. म्हणून मी खाली चार फुटांचा पट्टा विटकरी घेतला, धुता येईल असा, वर फिका पिवळसर. मुलगी म्हणाली, जुन्या शाळेसारखं दिसते. दिसू दे. ओल्या फडक्याने पुसते आणि स्वच्छ होते. आणि कापूस भिंतीला टेकवून भरू नका, खाली ताडपत्री आणि हातभर जागा सोडा, भिंतीला वारा लागते.

लाखनी तालुका, भंडारा

आमचं घरकुल, प्रधानमंत्री आवास योजनेतलं. मैदानी भागात 1 लाख 20 हजार मूळ अनुदान आणि किमान 25 चौरस मीटरचं घर. हप्ते टप्प्याटप्प्याने येतात आणि रंगाची वेळ येईपर्यंत हातात काही उरत नाही. पुट्टी, प्रायमर, इमल्शन (पाण्यात कालवायचा तयार रंग) हे बोलणंच नको.

चुना दिला. रात्रभर भिजवून, कपड्याने गाळून, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ. पातळ तीन हात. नव्या सिमेंटवर चुना छान धरतो, कारण तोही क्षारीयच, आणि ओल आतून बाहेर येऊ देतो. आमच्याकडे पाऊस भरपूर, तरी पोपडे आले नाहीत. पाठ टेकली की सदऱ्याला लागतो, हे मान्य. आईच्या मातीच्या घराला दरवर्षी पांढऱ्या मातीचा हात असायचा, त्यापेक्षा कामही कमीच आहे. पैसे जमले की रंग देऊ. पण तेव्हा चुना खरवडून काढावा लागेल, हे आत्ताच पेंटरने बजावून ठेवलं आहे.

वरोरा तालुका, चंद्रपूर

एक गैरसमज: "आतून हिरवा किंवा निळा दिला की घर थंड राहते." नाही राहत. आमच्या दोन सारख्या खोल्या, एक आकाशी, एक बदामी, मे महिन्यात दोन्हींमध्ये सारखंच भाजून निघते. उष्णता येते स्लॅबमधून आणि मावळतीच्या भिंतीतून. पैसे गच्चीवर पांढरा रंग देण्यात घाला. आतून फिका रंग घ्यावा तो उजेडासाठी. उन्हापायी आपण खिडक्या लहान ठेवतो आणि दिवसभर पडदे ओढून बसतो. तशा खोलीत गडद रंग दिला तर भर दुपारी बल्ब लावावा लागतो, आणि लाइट गेली की अंधारकोठडी. छत मात्र पांढरंच.

हिंगणघाट तालुका, निवृत्त शिक्षक

धागाकर्त्याने "काळी जमीन" लिहिलं आणि सगळे पुढे निघून गेले. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरूम भरून, प्लिंथ बीम (जोत्यावरची सळईची काँक्रीट पट्टी) देऊन नीट केला असेल तर उत्तम. तरी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर आणि कॉलम-विटांच्या जोडावर उभी चीर बहुतेक घरांत येते. माझा सल्ला: पहिल्या वर्षी प्रायमर आणि साधा फिका एक हात मारून राहायला जा. एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्या. चिरा यायच्या त्या येतील. मग त्या व्ही आकारात उघडून, भरून, वर जाळीची पट्टी लावून पक्का रंग द्या. दरवर्षी उघडझाप करणारी चीर असेल तर पुट्टीने ती बुजत नाही, पायाचं पाहावं लागतं.

चकचकीत रंगाच्या मोहात पडू नका. गावातलं प्लास्टर ओळंब्यात असलं तरी सपाटीत मार खातं आणि चकाकीत प्रत्येक उंचवटा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात दिसतो. मॅट झाकून नेतो.

आणखी एक, जे कोणी बोलत नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर चौकटी भिंतीच्याच रंगाच्या करू नका. माझ्या आईचे डोळे अधू. सगळं घर मोतिया, दारंही मोतिया, स्विच पांढरे. ती दाराची कड हाताने चाचपत जायची. चौकट गडद तपकिरी केली, स्विचबोर्डाभोवती वीतभर निळी पट्टी मारली. आता रात्री हाक न मारता न्हाणीघरात जाते.

धामणगावकडची

घरात लेकरं असतील तर खिडक्या-दारांच्या ऑइल पेंटचा डबा वाचून घ्या. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको, असा नियम 2016 चा आहे. कोठीत पडलेला वीस वर्षं जुना डबा "वाया कशाला" म्हणून गजांना मारू नका.

आणि महालक्ष्म्यांची खोली आधीच ठरवा बरं. त्या भिंतीला दरवर्षी खिळे, पताका, दिव्याची काजळी. तिथे मी धुता येणारा इमल्शन घेतला, बाकी घरात साधा.

धागाकर्ता, आर्वी

सर्वांचे आभार. प्लास्टिक लावून पाहिलं. हॉलच्या भिंतीला काही नाही, न्हाणीघराकडच्या भिंतीला सकाळी थेंब. तेवढी खोली उन्हाळ्यानंतर. सरांच्या सल्ल्याप्रमाणे हॉलला सध्या प्रायमर आणि फिक्या पिवळ्याचा एकच हात, म्हणजे यंदा आई जिंकली. भावाने निळी भिंत पुढच्या वर्षीसाठी लिहून घेतली आहे. पेंटरदादा, हा पिवळा उरला तर पुढच्या वर्षी चालेल का?

रंगकाम करणारा, यवतमाळ

चालेल, पाणी मिसळलेला नसला तर. मिसळलेला रंग वास मारतो, तो ठेवू नका. कोरा रंग लहान डब्यात काठोकाठ भरा, झाकण घट्ट, सावलीत ठेवा, टिनाखाली नको. आणि शेडचा नंबर डब्यावरही लिहा आणि मीटरच्या पेटीच्या दाराला आतूनही. डब्यावरचा नंबर पुसला जातो आणि मग लोक भिंतीचा पोपडा खिशात घालून दुकानात जातात. निळ्या भिंतीसाठी प्रायमर करड्या झाकेचा मागा, नाही तर निळ्याला दोनाच्या जागी चार हात लागतील.