मित्राने गाडी चालवली तर क्लेम मिळत नाही म्हणे!

कोथरूडकर_७७: सोसायटीच्या ग्रुपवर काल परत तोच मेसेज. "तुमची कार दुसऱ्याने चालवली आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्स कंपनी एक रुपया देत नाही." खाली सगळ्यांचे हात जोडलेले. अहो, पॉलिसी उघडून बघा ना एकदा! ड्रायव्हर्स क्लॉज असतो त्यात, मालक धरून कोणीही चालवू शकतो, फक्त त्या वेळी त्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं व्हॅलिड लायसन्स हवं. दारू पिऊन चालवली तर गोष्ट वेगळी, पण ती मालकालाही लागू आहेच. आपल्याकडे इन्शुरन्स गाडीचा असतो, माणसाचा नाही. मागे आमच्या विंगमधल्या काकांच्या रात्री छातीत दुखायला लागलं, गाडी खाली उभी, मुलगा परगावी, आणि शेजारी चावी हातात घेईना, का तर असलेच मेसेज वाचलेले. शेवटी रिक्षा शोधत बसलो. म्हणून चिडलोय.

वऱ्हाडी_गडी: भाऊ, क्लेम मिळते हे खरं, पण अर्धंच सांगता तुम्ही. साळ्याने माझी गाडी नेली, डिव्हायडरवर घातली. क्लेम पास झाला. पण पाच वर्षं जपलेला ५० टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, रिन्युअलला शून्य! वरून प्लास्टिकच्या पार्टवरचं डेप्रिसिएशन, म्हणजे झिजेची वजावट, माझ्याच खिशातून. साळ्याने किती लागले हेसुद्धा विचारलं नाही. तो मेसेज चुकीचा असेल, पण "गाडी देऊ नका" हे एकदम बरोबर आहे.

कोथरूडकर_७७: हा साळ्याचा प्रॉब्लेम झाला, इन्शुरन्सचा नाही. एनसीबी प्रोटेक्ट घ्यायचं होतं.

वऱ्हाडी_गडी: पैसे माझे गेले, तुमचे नाही. सल्ला सोपा असते.

ट्रिब्युनलवाली: दोघंही पत्र्याबद्दल भांडताय. चालवणाऱ्याचं काय? पॉलिसीतलं १५ लाखांचं पीए (वैयक्तिक अपघात) कव्हर ओनर-ड्रायव्हरचं आहे, म्हणजे ज्याच्या नावावर आरसी आहे त्याचं. मागून घेतलेली गाडी चालवणारा स्वतःच्या चुकीने दगावला तर थर्ड पार्टीत, म्हणजे तिऱ्हाइताच्या नुकसानीच्या कव्हरमध्येही, बसत नाही. सुप्रीम कोर्टाने २००९ साली निंगम्मा केसमध्ये सांगितलंय की गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी येतो. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, नवरा भावाची बाईक घेऊन गेला आणि घसरून दगावला. पॉलिसी चालू, लायसन्स चालू, आणि त्या बाईंच्या हातात काही नाही. त्यांना हे समजावून सांगणं फार जड गेलं मला. घरात दुसरं कोणी नेहमी चालवत असेल तर त्याचं नाव घालून वेगळं पीए घ्या. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याचं कव्हर वेगळं, त्याचा प्रीमियम अगदी किरकोळ असतो, तरी लोक तो काढायला लावतात.

सिंधुदुर्ग_टॅक्सी: ते राहू द्या, पांढऱ्या पाटीच्या गाड्या भाड्याने देतात त्यांचं बोला. गोव्यात सेल्फ ड्राइव्हच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात, त्यासाठी परमिट काढायचं, टॅक्स भरायचा. आणि इकडे सीझनला ज्याच्या दारात गाडी तो भाडेवाला. आम्ही हप्ते कशातून फेडायचे?

अर्टिगावाला: ओळखीच्यांना गणपतीत गाडी दिली आणि पेट्रोलवर थोडे पैसे घेतले तर तो धंदा होत नाही. उगाच चोर ठरवू नका.

सिंधुदुर्ग_टॅक्सी: "थोडे" म्हणजे किती? दिवसाचा रेट ठरलेला असतो ना? मग धंदाच तो.

अर्टिगावाला: तुमची युनियन स्टेशनवरून काय भाडं मागते ते आधी सांगा! रात्री लहान मुलं घेऊन उतरलेल्या माणसाची अडवणूक करता, म्हणून लोक आमच्याकडे येतात.

सिंधुदुर्ग_टॅक्सी: माझी टॅक्सी, माझं परमिट, रात्री अडीचला ट्रेनची वाट बघत मी उभा असतो, तुम्ही नाही. तोंड सांभाळून बोला.

ट्रिब्युनलवाली: अर्टिगावाले, भाड्यावर भांडा हवं तेवढं, पण प्रायव्हेट पॉलिसीत भाड्याने वापर चालत नाही, तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. इन्शुरन्स कंपनीच्या सर्व्हेअरने भाड्याने गाडी घेणाऱ्याला "किती दिले" विचारलं आणि त्याने सांगून टाकलं, की तुमच्या गाडीचा क्लेम गेला. समोरचा माणूस जखमी असेल तर कोर्ट बऱ्याचदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि नंतर तुमच्याकडून वसूल करायला सांगतं. मग घर विकायची वेळ येते.

अर्टिगावाला: ठीक आहे, कायदा तुमचाच खरा. यंदा फक्त सख्ख्या चुलतभावाला देणार, फुकट. पण टॅक्सीच्या भाड्याबद्दल बोललो त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

वऱ्हाडी_गडी: चुलतभावाचं लायसन्स बघून घ्या. एक्स्पायर झालेलं असलं तर कोथरूडकरांचा क्लॉज कामाचा नाही. आणि विनालायसन्सवाल्याला गाडी दिली तर मालकालाही ५००० दंड आहे.

कोथरूडकर_७७: एवढं तर मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, वाचा तरी. पीएचा मुद्दा मात्र मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. ट्रिब्युनलवाली मॅडम, आमची गाडी वडिलांच्या नावावर आहे, त्यांनी चालवणं सोडलंय, रोज मी आणि बायको चालवतो. आरसी माझ्या नावावर करून घेऊ, की आमची नावं घालून पीए पुरेल?

ट्रिब्युनलवाली: वडिलांचं लायसन्स चालू आहे का ते आधी बघा. नसेल तर त्यांचं ओनर-ड्रायव्हर कव्हरही कामाचं नाही. मी तर आरसीच बदलून घ्या म्हणेन, आणि बायकोचं नाव घालून पीए घ्याच.