मदत हवी आहे: मारुती ८०० मधल्या घरगुती टॅकोमीटरचा काटा थरथरतोय

मंडळी, आमच्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० साठी एलएम २९१७ आयसी (पल्सच्या वेगानुसार व्होल्टेज देणारी चिप) वापरून टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) बनवलाय. सिग्नल इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून घेतलाय. तीन सिलिंडर, फोर-स्ट्रोक, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला दीड ठिणगी. ६००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) १५० हर्ट्झ धरून कॅलिब्रेशन केलंय.

आयडलिंगला काटा अगदी स्थिर. पण ३००० गाठले की थरथरतो आणि मध्येच ६००० कडे उडी मारतो. कॉइलवर शेकडो व्होल्टचे झटके येतात म्हणून इनपुटला २२ किलोओहमचा रेझिस्टर आणि झेनर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डायोड) आहेच. तरी एकाच ठिणगीचे दोन पल्स मोजले जात असावेत. कपॅसिटर वाढवू की ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून नेऊन दोन सर्किटं वेगळी ठेवणारा भाग) लावू? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया व्हॅल्यूसकट सांगा. गाडी वडिलांची आहे, त्यामुळे मूळ वायरिंग अजिबात कापायचं नाहीये.