माळ्यावरचे जुने दिवाळी अंक पुन्हा वाचण्याजोगे कसे करायचे?

मोगरा

रत्नागिरीजवळच्या घराच्या माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत ४३ दिवाळी अंक सापडले आहेत, साधारण १९५८ ते १९७४ या काळातले. ‘दीपावली’, ‘आवाज’, ‘हंस’, ‘मौज’ आणि काही मुखपृष्ठ नसलेले. रोज संध्याकाळी पडवीत चहा घेऊन एखादी कथा, चार जाहिराती, दोन व्यंगचित्रे एवढेच वाचायचे आहे. संग्रहालय करायचे नाही, पण रद्दीतही घालायचे नाहीत.

अवस्था अशी: दहाबारा अंकांच्या कडांवर पांढरी-हिरवट बुरशी आहे. कसर फिरताना दिसते. पिना गंजून त्यांच्याभोवतीचा कागद तपकिरी पडून तुटतो आहे. तीन अंकांची रंगीत गुळगुळीत पाने एकमेकांना चिकटली आहेत. ‘आवाज’मधल्या खिडकीचित्रांचे कोपरे फाटले आहेत.

कामाचा क्रम काय ठेवावा? उन्हात घालू का? डांबरगोळ्या चालतील का? सेलोटेप लावायचा मोह आवरला आहे.

बांधणीकर

मोगराताई, सेलोटेप लावला नाहीत हे फार बरे केलेत. क्रम असा ठेवा: वेगळे करणे, सुकवणे, झाडणे, कसर मारणे, मग दुरुस्ती. हा क्रम उलटला की बिघडते. ओलसर कागदावर ब्रश फिरवला तर बुरशी पुसली जात नाही, ती धाग्यांत घासली जाते आणि डाग कायमचा बसतो.

आधी बुरशी लागलेले अंक बाकीच्यांपासून दुसऱ्या खोलीत न्या. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, घरात कोणाला दमा असेल तर त्यांना त्या खोलीपासून लांब ठेवा. कापसाच्या काडीने बुरशीला हलके टेकून पाहा. फासली गेली तर ती जिवंत आणि ओली आहे. भुकटी होऊन उडली तर सुकलेली आहे.

कोकणात आषाढ-श्रावणात खिडकी उघडून काही सुकत नाही, कारण बाहेरची हवाच ओलीचिंब असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरते. म्हणून एक छोटा आर्द्रतामापक घ्या आणि एक खोली बंद करून एसी ‘ड्राय’वर ठेवा किंवा डीह्युमिडिफायर लावा. काटा ५५ च्या आसपास आला की अंक उभे करून पाने पंख्यासारखी थोडी उघडी ठेवा आणि दर १५-२० पानांनंतर टिपकागद घाला. तो रोज बदला. पंखा लावायचाच तर मंद ठेवा आणि तोंड भिंतीकडे करा. थेट झोत आला की सगळ्या खोलीत बीजाणू पसरतात. एसीची सोय नसेल तर बुरशीचे अंक बाजूला ठेवून दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत हे काम करा. तोवर त्यांना प्लास्टिकमध्ये मात्र कोंडू नका.

ऊन नको. आतली पाने न्यूजप्रिंटची आहेत, त्यात लाकडातले लिग्निन तसेच राहिलेले असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळे पडते आणि कागद आणखी ठिसूळ होतो. पुठ्ठा वाकतो तो वेगळाच.

सुकल्यावर दीड-दोन इंची मऊ केसांच्या चपट्या ब्रशने, नेहमी शिवणीकडून कडेच्या दिशेने, बाहेर ओसरीवर झाडा. फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब पडतात.

कसरीसाठी गोठवणे हा सर्वांत सरळ उपाय. अंक पूर्ण कोरडा झाल्यावर दोन झिप पिशव्यांत एकात एक घाला, हवा काढा, उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली दोन आठवडे ठेवा. साध्या एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा सहसा एवढा थंड होत नाही, आईस्क्रीम ठेवतात तसला डीप फ्रीझर हवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. लगेच उघडली तर हवेतले पाणी पिशवीऐवजी थंड कागदावर जमते आणि सगळी मेहनत वाया जाते. थंडीने कसर आणि तिची अंडी मरतात, बुरशी मरत नाही, नुसती झोपते. म्हणून सुकवणे टाळून थेट फ्रीझरकडे जाऊ नका.

कपाट_क्र_३

डांबरगोळ्यांबद्दल. बंद खोलीत त्या वाफेने माणसालाही त्रास होतो आणि जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असलेल्या लहान मुलांना तर धोका असतो. शिवाय कपाटात कापूर आणि डांबरगोळी एकत्र ठेवायची सवय अनेक घरांत आहे. दोन्ही मिळून साधारण ३२ अंशांनाच वितळू लागतात. आपल्या उन्हाळ्यात त्याचा तेलकट डाग थेट मुखपृष्ठावर उतरतो.

पोथ्यांच्या बासनात वेखंडाचा तुकडा ठेवायची जुनी रीत चांगली आहे, पण वेखंड पुरचुंडीत बांधून ठेवा, पूड पानांवर भुरभुरू नका. कडुनिंबाचा ओला पाला घातला तर आपण कपाटात पाणीच नेऊन ठेवतो.

शाईवाला

पिनांवर लिहितो, कारण तिथेच सर्वांत जास्त नुकसान होते.

गंजलेली पिन ओढायची नाही. ती कागदाला चिकटलेली असते, ओढली की भोवतालचा रुपयाएवढा तुकडा घेऊन येते. पिनेच्या वळलेल्या पायांखाली जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पातळ पट्टी सरकवा, म्हणजे हत्याराचा जोर पानावर येत नाही. बोथट सुरीने दोन्ही पाय सरळ उभे करा. गंजाने तुटत असतील तर छोट्या पकडीने कापा. मग अंक उलटून चिमट्याने पाठीच्या बाजूने पिन सरळ वर काढा. एका पिनेला पाच मिनिटे लागली तरी लागू द्या.

गंजाचा डाग लिंबाने काढायचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. डाग फिका होईल, पण आम्ल कागदात राहील आणि पुढे तिथे भोक पडेल. सुटी पूड ब्रशने झाडा, डाग राहू द्या.

मधोमध पिन मारलेले पातळ अंक पुन्हा शिवणे सोपे आहे. मेण लावलेला सुती दोरा घ्या, लांबी अंकाच्या उंचीच्या अडीचपट. तीन भोके हवीत: वरच्या पिनेचे सर्वांत वरचे, खालच्या पिनेचे सर्वांत खालचे आणि बरोबर मध्ये एक नवे. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत आणा, मधले भोक सोडून खालच्या भोकातून बाहेर न्या, पुन्हा मधल्यातून आत आणा. दोऱ्याची दोन्ही टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना यायला हवीत, मग त्या टाक्यावर चौकोनी गाठ मारा. ओढायचे ते घडीच्या रेषेत. पानाला काटकोनात ओढलात तर दोरा कागद कापत जातो.

दोनशे-अडीचशे पानांचे जाड अंक बाजूने टोचलेले असतात, वर मुखपृष्ठ पाठीला चिकटवलेले. पाने घट्ट असतील तर ते उसवूच नका. पिन दिसते म्हणून काढलीच पाहिजे असे नाही. कोरड्या जागी गंज फारसा पुढे सरकत नाही.

बांधणीकर

फाटलेल्या पानांसाठी खळ घरी करा. फेव्हिकॉल नको, तो कडक होतो आणि पुन्हा सुटत नाही. नुसत्या मैद्याची खळही नको, कारण त्यातला चिकट भाग पुढे पिवळा पडतो. कुरडयांना लागतो तसा गव्हाचा चीक हवा, पण कुरडयांसाठी गहू तीन दिवस आंबवतात तसा आंबलेला नको, आंबट म्हणजे आम्ल. पाव किलो मैदा घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा, मग पाण्यात दाबत धुवा. पांढरे पाणी फडक्यातून गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वरचे पाणी ओतून द्या, तळाचा चीक ताटलीत पसरून सुकवा.

एक चमचा सुका चीक, पाच चमचे पाणी. अर्धा तास भिजू द्या, मग अगदी मंद आचेवर २०-२५ मिनिटे ढवळत राहा. आधी दुधासारखा दिसतो, मग अर्धपारदर्शक होतो. गार करून कापडातून दाबून गाळा आणि पाण्याने साय होईल एवढा सैल करा. फ्रिजमध्ये चारपाच दिवस टिकतो, आंबूस वास आला की टाकून द्या. बांधणीवाले खळीत मोरचूद घालत, किडा लागू नये म्हणून. तुम्ही घालू नका. त्यातले तांबे कागदाचा ऱ्हास वाढवते.

पट्टी जपानी टिश्यूची, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ पण चिवट कागदाची, ९ ते १२ जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम). ती कात्रीने कापायची नाही. ओल्या ब्रशने रेघ मारून फाडायची, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि जोड दिसत नाही. रुंदी ६-८ मिलिमीटर. खळ पट्टीला लावा, पानाला नाही, आणि टिपकागदावर एकदा टेकवून जादा ओल काढा. न्यूजप्रिंटवर पाणी जास्त झाले तर ते कागदातला तपकिरी मळ ढकलत नेते आणि सुकल्यावर भरतीच्या रेषेसारखा डाग उमटतो. हा डाग मूळ फाटण्यापेक्षा वाईट दिसतो. वर-खाली बेकिंगचा सिलिकॉन कागद, त्यावर टिपकागद, काच आणि किलोभर वजन. दहा मिनिटांनी टिपकागद बदला, मग रात्रभर तसेच.

मोगरा

खूप आभार, बरेच स्पष्ट झाले. दोन गोष्टी राहिल्या: खिडकीचित्रे आणि चिकटलेली पाने. आणि वाचायला अंक कसा धरावा? वाचताना उघडला की पाठीतून कट्ट आवाज येतो.

शाईवाला

खिडकीचित्रांचा प्रश्न आवडीचा आहे. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये ‘आवाज’ सुरू केला आणि त्यातली खिडकी ही मराठी दिवाळी अंकांतली फार लाडकी गोष्ट ठरली. वरच्या पानाला कापलेले भोक, त्यातून खालच्या चित्राचा नेमका तेवढाच भाग दिसतो आणि मन भलतीकडे जाते. पान उलटले की खरे चित्र समोर. सगळी गंमत दोन पानांच्या जुळणीवर आहे. पान पुन्हा शिवताना दोन मिलिमीटर सरकले तर खिडकीतून नको ते दिसते, हवे ते दिसत नाही.

म्हणून उसवण्याआधी मोबाइलवर बंद खिडकीचा सरळ वरून फोटो काढा. शिवताना पाने वरच्या कडेला जुळवा आणि दोरा ओढण्याआधी फोटोशी ताडून पाहा. फाटते ते बहुधा खिडकीच्या कोपऱ्यांत, कारण ताण तिथे एकवटतो. चार मिलिमीटरची पट्टी पानाच्या मागून, कोपऱ्याला काटकोनात दोन तुकडे, भोकाच्या कडेपासून अर्धा मिलिमीटर आत. कडेबाहेर आली तर ती खिडकीतून दिसते. खळ लावताना खालच्या पानावर सिलिकॉन कागद ठेवायला विसरू नका, नाहीतर खिडकी कायमची बंद होईल.

चिकटलेल्या पानांबद्दल खरे सांगायचे तर आशा कमी ठेवा. आर्ट पेपरला पांढऱ्या मातीचा लेप असतो, तो ओला होऊन दाबाखाली सुकला की डिंकासारखा धरतो. पातळ बांबूची चपटी काडी कोपऱ्यातून कोरडीच सरकवून बघा. चित्राचे कण निघू लागले की थांबा. वाफ देऊ नका, लेप आणखी सुटतो. ‘दीपावली’च्या मुखपृष्ठांवरचे चित्रकार दीनानाथ दलालांचे काम असल्या प्रयोगात घालवू नये. अर्धे चिकटलेले चित्रसुद्धा ठेवण्यासारखे आहे. पुढे कधी पागोळी लागून असा अंक भिजला तर ओला असतानाच पानांमध्ये सिलिकॉन कागद घाला, किंवा लगेच गोठवा. दाबून सुकवू मात्र नका.

कपाट_क्र_३

कट्ट आवाज म्हणजे पाठीवरचा जुना सरस तडकतो आहे. अंक १८० अंश उघडायचा नाही, ९०-१०० पुरे. मांडीवर उशी घ्या, दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल ठेवा, अंक त्या खोबणीत बसवा. पान वरच्या बाहेरच्या कोपऱ्यातून उलटा, खालून अंगठ्याने ढकललेले पान ठिसूळ कागदात हमखास चंद्रकोरीसारखे तुटते. हात धुऊन कोरडे करा, क्रीम नको. खूण म्हणून पांढऱ्या कागदाची पट्टी. मोगऱ्याचे फूल, पिंपळपान, उदबत्तीचे खोके यांतले काही आत ठेवू नका, सगळ्यांचे डाग पडतात. चहाचा कप वेगळ्या स्टुलावर, अंकापेक्षा खालच्या पातळीवर, म्हणजे सांडला तरी पानांकडे वाहत नाही. पावसाळ्यात पडवीत तासभर वाचून अंक पुन्हा आत न्या.

ठेवताना: कपाट भिंतीपासून सात-आठ सेंटिमीटर पुढे, खालचा कप्पा जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर. पातळ अंक उभे ठेवले की कंबरेत वाकतात, ते आडवे, सहा-आठच्या चळतीत. गुंडाळायला मांजरपाट घ्या, पण दोनदा गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ काढा, कसरीला ती फार आवडते. खाकी कागदाचे कव्हर नको, त्यात आम्ल असते. सिलिका जेल फक्त नीट बंद होणाऱ्या लोखंडी कपाटात उपयोगी, साधारण अर्धा किलो कापडी पुरचुंड्यांत. केशरीचा हिरवा झाला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास तापवून परत वापरा. लाकडी उघड्या मांडणीत तो एकदोन दिवसांत भरून जातो.

वासाचेही सांगतो. जुन्या कागदाचा गोडसर वास लिग्निन मोडताना येतो, त्यात व्हॅनिलाच्या वासाचे द्रव्यही असते. तो घालवायचा नाही. तळघरासारखा कोंदट वास मात्र बुरशीचा. कागद नीट सुकवून झाडल्यावरही तो राहिला तर मोठ्या झाकणाच्या डब्यात तळाला वाटीभर खाण्याचा सोडा, वर जाळी, जाळीवर अंक, दोन आठवडे. सोडा पानाला लागू देऊ नका.

सुरुवात सर्वांत धड असलेल्या अंकापासून करा. त्याला फक्त झाडणे आणि गोठवणे लागेल, म्हणजे दोन आठवड्यांत वाचायला मिळेल. आणि जाहिराती वगळू नका, साबण, रेडिओ, शिलाई मशीन, केशतेल, त्या काळच्या घराची यादी तिथेच आहे.

मोगरा

‘हंस’चा एक अंक धड निघाला आहे, कडा कोरड्या, पिना शाबूत. तो आज पिशवीत घालते आहे. बुरशीचे अकरा अंक टिपकागद घालून मागच्या खोलीत ठेवले, तिथे काटा सध्या ७८ दाखवतो आहे. एसी लावून उद्याचा आकडा लिहीन.

बांधणीकर

७८ वरून एका दिवसात ५५ वर आणायची घाई करू नका. कागद झपाट्याने सुकला की मुखपृष्ठ आणि आतली पाने वेगवेगळ्या वेगाने आकसतात, पाठ उकलते. काटा रोज पाचसहा टक्के खाली आला तरी पुरे.

मोगरा

समजले, ताई-दादांनो. म्हणजे चारपाच दिवस. तोवर चीक काढून ठेवते.